सोप्या डोळ्यांचे तारे

आत्याने दार उघडलं तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची पारदर्शक वाटी होती, कपाळापासून गालापर्यंत चिकटपट्टीने नीट बसवलेली. रविवारची दुपार होती, भाचीच्या हातात फळांची पिशवी होती, आणि ती पिशवी तशीच धरून भाची दारात उभी राहिली. "ये, आणि दार लाव आधी. उजेड टोचतो," असं म्हणून आत्या भिंतीला हातही न लावता स्वयंपाकघराकडे चालू लागली. भाची डोळ्यांची डॉक्टर; अशा वाट्या ती रोज काढायची. आठवड्याला पंचवीस-तीस मोतीबिंदू, म्हणजे पंचवीस-तीस वाट्या. त्या आपल्याशिवाय दुसरंही कुणी बसवत असेल हे तिच्या डोक्यातून कधीच निघून गेलं होतं. पण ही चिकटपट्टी तिरकी लावलेली होती आणि तिचं खालचं टोक आत दुमडलेलं होतं, काढताना नखाने शोधत बसावं लागू नये म्हणून. असं टोक दुमडणारा एकच माणूस तिने आयुष्यात पाहिला होता, आणि त्याला तिनेच आपल्या हॉस्पिटलातून जायला सांगितलं होतं. त्यामुळे ऑपरेशन कुणी केलं हे तिने विचारलंच नाही. कधी केलं, एवढंच विचारलं. गुरुवारी, आत्या म्हणाली. मला का नाही सांगितलंस, यावर आत्याने गॅसवरचं दूध खाली घेतलं, बर्नर बंद केला, तो बंद झालाय की नाही हे कान लावून ऐकलं, आणि मग म्हणाली, "तुझ्याकडेच केला होता फोन. नाही म्हणाले."

आत्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आई गेल्यावर तिनेच हिला वाढवलं, तेही एका डोळ्याने. डावा डोळा तिशीतच गेला होता; बुबुळावर जखम झाली, कुणीतरी भलतेच थेंब दिले, आणि महिन्याभरात त्या डोळ्यात दुधी काचेसारखा पांढरेपणा उरला. शाळेतून येताना ही कायम आत्याच्या डाव्या बाजूने चालायची, कारण डावीकडून येणारा माणूस आत्याला दिसायचा नाही आणि आत्या कुणाला धडकली की आधी स्वतःच माफी मागायची. ती माफी हिला सहन व्हायची नाही. डोळ्यांचीच डॉक्टर का झालात, असं नंतर मुलाखतींमधून कितीतरी जणांनी विचारलं, तेव्हा हिने दरवेळी सफाईदार उत्तर दिलं. रस्त्यातल्या त्या माफीबद्दल कधी बोलली नाही. आणि आता तीच आत्या तिला शांतपणे सांगत होती, की उजव्याला धूसर व्हायला लागलं, पेपर वाचता येईना, म्हणून तुझ्या हॉस्पिटलच्या कार्डावरच्या नंबरावर फोन लावला. नातं सांगितलं नाही. का सांगायचं? इतर माणसं लावतात तसा लावला. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या. सात प्रश्न विचारले. सातव्यानंतर म्हणाल्या, मॅडमची पुढचे पाच महिने तारीख नाही. "मी जन्मभर लोकांना लाइन मोकळी नाही म्हणून सांगितलंय," आत्या म्हणाली. "तारीख नाही आणि तुम्हाला तारीख नाही, यातला फरक मला आवाजात कळतो."

तिने फळं धुऊन ठेवली, थेंब वेळेवर घालतेस ना ते विचारलं, घड्याळ पाहिलं. रडणाऱ्यातली ती नव्हती. खाली येऊन तिने गाडी सुरू केली. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने तिला ओळखून मान हलवली, तेव्हा तिनेही सवयीने हसून मान हलवली. ही ओळख गेल्या दहा वर्षांतली. त्याआधी ती नुसती चांगली डॉक्टर होती. म्हणजे ज्याचा डोळा बरा व्हायचा तो आपल्या मावशीला, व्याह्यांना, ऑफिसातल्या साहेबांना सांगायचा, आणि ते यायचे. मग फोनवर तारे आले. पहिला पाचवा तारा कुणी दिला ते तिला अजून आठवत होतं, एक निवृत्त भूगोल शिक्षक, "नकाशावरची नद्यांची नावं वाचता आली" असं त्यांनी लिहिलं होतं, आणि तिने ते दोनदा वाचलं होतं. पुढे तारे साठत गेले तसं वाचणं थांबलं. चार पॉइंट नऊ. हा आकडा हॉस्पिटलच्या दारावर, बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर, कार्डावर, अगदी पाण्याच्या बाटलीच्या कागदावरही आला. पाच कधीच होणार नव्हता, कारण कुठल्यातरी माणसाला पार्किंग मिळायचं नाही. पण चार पॉइंट नऊ टिकवता येत होता. टिकवायचा म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते हळूहळू हाताला समजत गेलं. वाटी स्वतःच्या हाताने काढायची, कारण माणूस त्या क्षणी सगळ्यात जास्त खूश असतो. तो खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचतो, बायकोच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांवरून विनोद करतो, आणि बरोबर तेव्हाच बाहेर बसलेल्या फोनच्या बाईंनी हसून विचारायचं, दोन शब्द लिहाल का. या फोनच्या बाई हॉस्पिटल सुरू झाल्यापासून होत्या आणि माणसाच्या पावलावरून तो पाच देणार की चार हे ओळखायच्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिचं काम चांगलंच होतं. अकरा मिनिटांत ती मोतीबिंदू काढायची, आणि त्या अकरा मिनिटांत फुकट गेलेली एक हालचाल दाखवून द्या म्हटलं असतं तर कुणालाही ते जमलं नसतं.

पण आता, आत्याच्या घरापासून दूर जाताना, तिला त्या आकड्याच्या मागची बाजू दिसायला लागली, आणि ती बाजू आपण अगदीच पाहिली नव्हती असंही तिला म्हणता येईना. उदाहरणार्थ, ऑपरेशनच्या टेबलाशी उभी असणारी माणसं तिला थांबवेनाशी झाली होती. मागच्या वर्षी एका असिस्टंटने चुकीच्या नंबरचं भिंग ट्रेमध्ये पाहिलं आणि तो गप्प राहिला. मॅडमनी मागवलंय म्हणजे बरोबरच असेल, असं त्याला वाटलं. तिचं तिलाच ते वेळेत दिसलं आणि काही घडलं नाही. ती त्याच्यावर रागावली, पण त्या गप्प राहण्यात तिचा काही वाटा असेल हा विचार तिने त्या दिवशी केला नव्हता. पेशंटही बदलले होते. पूर्वी माणूस खुर्चीत बसला की डोळ्याबद्दल बोलायचा. आता तो आधी तिच्याकडे बघायचा, पडद्यावरच्या फोटोशी ताडून, आणि मग जरा निराश होऊन डोळ्याबद्दल सांगायचा. आणि पाच तारे देणारी हजारो माणसं तिला आठवत नव्हती, पण एक तारा देणारी मुलगी शब्दन् शब्द आठवत होती. तिच्या वडिलांच्या डोळ्याचा पडदाच मागून खराब होता. ऑपरेशन उत्तम झालं, दिसणं मात्र फारसं सुधारलं नाही, सुधारणारही नव्हतं. मुलीने लिहिलं, "नाव मोठं आहे, म्हणून बाबांना घेऊन गेलो. बाबांना अजून माझा चेहरा दिसत नाही." ते वाक्य तिने भाजी घेताना वाचलं होतं. नंतर तीन दिवस ती ते मनात खोडत राहिली, त्याला उत्तरं देत राहिली, पडद्याचे फोटो त्या मुलीच्या डोळ्यांसमोर नाचवत राहिली. चौथ्या दिवशी तिने फोनच्या बाईंना सांगितलं की असे डोळे घेताना जरा आधी मला विचारत जा.

असे डोळे तेव्हा गोगलगायीकडे जायचे. गोगलगाय हे तिने जायला सांगितलेल्या त्या टोक दुमडणाऱ्या असिस्टंटचं हॉस्पिटलमधलं नाव. त्याच्या पाठीमागे घेतलं जाणारं, पण त्याला माहीत असलेलं. जिथे तिला अकरा मिनिटं लागायची तिथे त्याला पंचेचाळीस. तो मधेच थांबायचा, हात बाहेर काढून मांडीवर ठेवायचा, मायक्रोस्कोपमधून नुसता बघत बसायचा. त्याच्या वाट्याला दगडासारखे पिकलेले तपकिरी मोतीबिंदू यायचे, मार लागलेले डोळे यायचे, न उघडणाऱ्या बाहुल्या यायच्या, कारण बाकीचे तिच्याकडे जायचे. साहजिकच त्याचे काही डोळे बिघडायचे. पडद्यावर जेव्हा प्रत्येक डॉक्टरच्या नावापुढे तारे दिसायला लागले तेव्हा त्याच्यापुढे तीन पॉइंट चार आले. लोक पडदा बघायचे आणि खिडकीशी येऊन म्हणायचे, हे नकोत. चार वर्षं तो राहिला. मग एका सकाळी तिने त्याला खोलीत बोलावून, कॉफी देऊन, अगदी आपुलकीने सांगितलं की तू स्वतःचं काहीतरी बघ, इथे तुझं नुकसान होतंय. तो हो म्हणाला. जाताना त्याने कपाटातली आपली दोन हत्यारं नेली आणि तिसरं, तिने त्याला कधीतरी दिलेलं, परत तिच्या टेबलावर ठेवलं. तो तिच्यावर रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं, हे तिला आता, गाडी लावताना, सहा वर्षांनी कळलं.

सोमवारी सकाळी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेली आणि फोनच्या बाईंकडे तो सात प्रश्नांचा कागद मागितला. बाईंनी काचेखालून काढून दिला. गोगलगाय गेल्यावर अवघड डोळे कुणाकडे पाठवायचे हा प्रश्न उभा राहिला होता आणि दरवेळी मॅडमना विचारायला जाणं शक्य नव्हतं, म्हणून बाईंनीच तो तयार केला होता, त्यांनी तसं सरळ सांगितलं. वय किती, साखर किती वर्षांची, डोळ्याला पूर्वी मार लागलाय का, दुसऱ्या डॉक्टरांनी अवघड म्हटलंय का. सगळं टाइप केलेलं, स्वच्छ. कोणाचाही अपमान होणार नाही अशा भाषेत. वाचत वाचत ती कागदाच्या शेवटाशी आली. सातवा प्रश्न टाइप केलेला नव्हता. तो निळ्या शाईने, तिच्या स्वतःच्या पुढे झुकणाऱ्या अक्षरात लिहिलेला होता. "एकच डोळा असल्यास तारीख देऊ नये." त्यात प्रश्नही नव्हता. खाली सही आणि तारीख. ती तारीख तिला काहीही सांगत नव्हती. तो दिवस कसा होता, लिहिताना खुर्चीत होती की उभी, घाईत होती की निवांत, काहीच आठवेना. आत्याचा डावा डोळा जिने चाळीस वर्षं डाव्या बाजूने सांभाळला त्या बाईने हे वाक्य लिहिलं होतं आणि लिहिताना तिला आत्या आठवली नव्हती. तिने पुनःपुन्हा तिथेच जाऊन पाहिलं, दुखऱ्या दातावर जीभ जावी तसं. आपण खोटं बोललो असं नव्हतं, कुणाचा डोळा बिघडवला असंही नव्हतं. फक्त ज्यांच्याकडे गमवायला दुसरा डोळा नाही अशा माणसांना तिने फोनवरच, गोड आवाजात, परत पाठवलं होतं. किती जणांना, हे विचारल्यावर बाई म्हणाल्या, त्याची नोंद आपण ठेवत नाही.

शुक्रवारी आत्याची तपासणी होती. तू माझ्याकडे ये, मी बघते, असं तिने दोनदा सुचवलं; आत्या म्हणाली, ज्याने उघडलंय त्यालाच दाखवणार. मग ती नातेवाईक म्हणून बरोबर गेली. गोगलगायीचा दवाखाना एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता, खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान, जिन्यात धातू घासल्याचा वास. बाहेरच्या खोलीत पडदा नव्हता, तारे नव्हते, बाकावर जागाही नव्हती. ती दोन तास उभी राहिली. तिला कुणी ओळखलं नाही, किंवा ओळखून कुणी उठलं नाही. आणि उभ्या उभ्या, इतक्या वर्षांच्या सवयीने, ती समोरचे डोळे वाचत गेली. ह्याला मार लागलेला. हिची बाहुली आक्रसून टाचणीच्या डोक्याएवढी उरलीय. हा म्हातारा मान वाकडी करून बघतोय, म्हणजे मधलं दिसत नाही. ही सगळी सात प्रश्नांची माणसं होती. एकाच खोलीत, शेजारी शेजारी, आपल्या पाळीची वाट बघत बसलेली. तिला वाटलं होतं की इथे येऊन आपल्याला लाज वाटेल. लाज वाटली, पण तिच्या आड दुसरंच काहीतरी होतं, आणि ते ओळखायला तिला वेळ लागला. तिला हेवा वाटत होता.

आत्याने यंत्रावर हनुवटी ठेवली. गोगलगायीने आधी स्वतः पाहिलं, मग काही न बोलता स्टूल सोडलं आणि तिला बसायला खूण केली. तिने डोळा लावला. बुबुळ जरासं सुजलेलं, पण पारदर्शक. बाहुलीच्या कडेला चार ठिकाणी ओढल्याच्या खुणा, म्हणजे न उघडणारी बाहुली त्याने चार बारीक हुकांनी ताणून उघडली होती. भिंग ज्या पातळ पिशवीत बसतं तिला धरून ठेवणारे धागे एका बाजूने तुटलेले, जवळजवळ पाव घेर. तिथे आतून बसवलेली बारीक कडी, पिशवी पुन्हा गोल राहावी म्हणून. आणि या सगळ्या पडझडीच्या मधोमध नवं भिंग, अगदी केंद्रात, जणू तिथे कधी काही बिनसलंच नव्हतं. एक टाका. एकच, केसाहून बारीक, त्याची गाठ आत वळवलेली, पापणीला टोचू नये म्हणून. ती बघत राहिली. यातल्या प्रत्येक पायरीला काय चुकू शकतं ते तिला पाठ होतं. पिशवी कधीही खाली निसटू शकली असती, आणि मग आत्याकडे काहीच उरलं नसतं. किती वेळ लागला, तिने विचारलं. एक तास दहा मिनिटं, तो म्हणाला, मधे दोनदा थांबलो. आत्याला बाहेर बसवून तो परत आल्यावर तिने यंत्राचा दिवा बंद केला आणि मनात आठवडाभर घोळत असलेलं विचारलं.

"मला हे जमलं असतं का? खरं सांग."

त्याने टेबलावरचे कागद सारखे केले. त्याला कुणाला दुखवायची सवय नव्हती, पण उगाच बरं वाटेल असं बोलायचीही नव्हती. म्हणून तर त्याचे तारे कमी होते.

"सहा वर्षांपूर्वी, हो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. ते खरंच होतं आणि तिच्या बोटांना ते तिच्या आधीपासून माहीत होतं. सहा वर्षांत तिच्या हातून एकही पिशवी फाटली नव्हती, कारण फाटण्यासारखी एकही तिच्यापर्यंत आलीच नव्हती. जो हात कधी चुकत नाही तो चुकल्यावर काय करायचं तेही विसरतो. तिने त्याला विचारलं की तू अवघड ऑपरेशनं कुठल्या वारी करतोस. मंगळवारी, तो म्हणाला. मग मंगळवारी मी येते, तुझी असिस्टंट म्हणून. तो हसला नाही. सकाळी साडेसातला या, म्हणाला, आणि घड्याळ काढून ठेवत जा, मधे बघू नका.

पुढचे चार महिने दर मंगळवारी तिने त्याच्या हातात हत्यारं दिली. बिघडणारे डोळे पुन्हा जवळून पाहिले. पहिल्या मंगळवारी तो थांबला, हात मांडीवर ठेवून बसला, तेव्हा तिची बोटं आपोआप पुढे सरकली आणि तिने ती मागे घेतली. तो का थांबतो हे तिला तिसऱ्या आठवड्यात कळलं. डोळा आपण सोडला की एक-दोन मिनिटांत स्वतःच सांगतो, कुठे ताण आहे, कुठे सैल. पाणी कुठून झिरपतंय, बाहुली कुठल्या बाजूला ओढली जातेय. अकरा मिनिटांत तो काही सांगायच्या आधीच आपण बाहेर पडलेले असतो. इकडे हॉस्पिटलात तिने सात प्रश्नांचा कागद काढून टाकला आणि फोनच्या बाईंना सांगितलं की जो फोन करेल त्याला तारीख द्यायची. बाईंनी ऐकून घेतलं, मग त्यांच्या पद्धतीने, आवाज न चढवता, म्हणाल्या की मॅडम, हे महाग पडेल, आकडा खाली येईल. येऊ दे, ती म्हणाली. किती खाली चालेल, बाईंनी विचारलं. तिने त्या दिवशीची यादी ओढून घेतली आणि पहिल्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं.

पहिला अवघड डोळा आला तो कपड्यांच्या कारखान्यात बटणांची काजं करणाऱ्या बाईचा. पन्नाशीची, बोटं सुईच्या टोकांनी खरबरीत झालेली, एक डोळा काचबिंदूने गेलेला, दुसऱ्यात इतका पिकलेला मोतीबिंदू की दिव्याचा उजेड तेवढा कळायचा. ती बहिणीचा हात धरून आली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, पूर्वी कधी सांगायची वेळ येऊ दिली नव्हती तसं. पिशवी नाजूक आहे, फाटू शकते. फाटली तर भिंग दुसऱ्या जागी बसवावं लागेल. दिसेल, पण कदाचित पुरतं दिसणार नाही. आणि डोळा जाऊही शकतो. काजंवाली ऐकत होती, चेहरा आवाजाच्या दिशेला लावून. मग म्हणाली, "पण बाई, तुम्हाला तर पाच तारे आहेत ना?"

"ते सोप्या डोळ्यांचे आहेत," ती म्हणाली.

बहीण दचकली. काजंवाली मात्र म्हणाली की ठीक आहे, मग करा. ऑपरेशनला गोगलगाय शेजारी बसला होता, मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीतून बघत. सतराव्या मिनिटाला पिशवी फाटली. तिला ते डोळ्याआधी बोटात कळलं, हाताखालचं काहीतरी अचानक सैल झालं, जिन्यात एक पायरी कमी लागावी तसं. त्या क्षणात भाजीच्या दुकानातलं ते वाक्य आलं, तारे आले, हेसुद्धा आलं की शेजारचा माणूस आता हात पुढे करेल आणि आपण सुटू. त्याने हात पुढे केला नाही. तिने आपले हात बाहेर काढले, मांडीवर ठेवले, आणि पाहिलं. फट कुठवर गेलीय, काय पुढे सरकतंय, काय अजून धरून आहे. दोन मिनिटं तिने डोळ्याला हात लावला नाही. मग तिने मागितलं ते हत्यार तिने सहा वर्षांत मागितलं नव्हतं, आणि सिस्टरला ते शोधायला कपाट उघडावं लागलं. बावन्न मिनिटांनी भिंग पिशवीच्या पुढच्या काठावर टेकवून ती उठली तेव्हा तिची पाठ भिजलेली होती. वाटी तिने स्वतः लावली आणि चिकटपट्टीचं टोक दुमडलं.

दुसऱ्या दिवशी तिने वाटी काढली. हा क्षण तिच्या चांगल्या ओळखीचा होता; माणूस खिडकीकडे बघतो, पाटी वाचतो, हसतो. काजंवालीने डोळा उघडला, पण ती खिडकीकडे वळली नाही. बुबुळ सुजलं होतं, हे अपेक्षितच होतं. तिने तिच्यासमोर बोटं धरली. किती? काजंवाली बराच वेळ बघत राहिली. दोन, म्हणाली. मग म्हणाली, की तीन? तीन, डॉक्टर म्हणाली. बहिणीचे डोळे भरून आले आणि ती जाब विचारल्यासारखं बघू लागली. पूर्वी अशा वेळी सिस्टरला पुढे करून ती पुढच्या खोलीत गेली असती. पुढच्या खोलीत नेहमी कुणीतरी पाटी वाचायला तयार असायचं. आज ती खुर्ची ओढून बसली. सूज उतरायला दहा-बारा दिवस लागतील, रोज या, मी रोज बघेन, असं तिने सांगितलं, आणि घाबरलात का म्हणून विचारलं. घाबरले होते, आता नाही, काजंवाली म्हणाली, तुम्ही आधीच सांगितलं होतं ना. बाहेर फोनच्या बाई उभ्या होत्या, पण दोन शब्द लिहाल का, असं त्यांनी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी काजंवालीने तक्त्यावरच्या चार ओळी वाचल्या. पाचवी आणि सहावी तिला कधीच वाचता येणार नव्हत्या. काजं करणं सुटलं. कारखान्याने तिला कपडे घड्या घालून मोजायच्या टेबलावर घेतलं, आणि ते तिला मान्य होतं, नव्हतंही. तारे तिने दिले नाहीत, एकही नाही. तिच्या फोनवर ते कसं करतात हे तिला माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. आकडा खाली आला तो निराळ्याच माणसांमुळे: अवघड डोळ्यांना वेळ लागायचा, सोप्या डोळ्यांची माणसं बाहेर दोन-दोन तास ताटकळायची, आणि त्यांचं ऑपरेशन उत्तम होऊनही ती चिडून लिहायची. वर्षभरात चार पॉइंट तीन. दुसऱ्या एका पेशंटचा डोळा खरोखर वाचला नाही, एका निवृत्त पोस्टमनचा. त्याच्या घरी ती स्वतः गेली आणि त्याच्या सुनेने दारातच जे ऐकवलं ते तिने उभं राहून ऐकून घेतलं. परत येताना ते वाक्य तिने मनात खोडलं नाही. ते बरोबर होतं. फोनच्या बाईंनी एक दिवस बाहेरचा पडदा बंद ठेवला, दुसऱ्या दिवशीही सुरू केला नाही, आणि तिने का म्हणून विचारलं नाही. आत्या आता चष्मा लावून रोज पूर्ण पेपर वाचायची आणि फोनवर हिला त्यातल्या छपाईच्या चुका सांगायची.

त्यानंतरच्या एका सकाळी एक उंच, वाकलेला माणूस आत आला, आणि दाराच्या चौकटीला हात लावून अंदाज घेत खुर्चीपर्यंत पोचला. बेकरीत भट्टीसमोर तेहतीस वर्षं काढली, त्याने सांगितलं. धगीने डोळे गेले. एक पार गेला, दुसरा जातोय. तीन ठिकाणी जाऊन आलो, तिन्हीकडे तारीख नाही म्हणाले. तिने विचारलं की इथलं कुणी सांगितलं. आमच्या गल्लीत काजं करणारी बाई राहते, तो म्हणाला.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बरं होईल का ते माहीत नाही. पण ती बाई आधी वाईट काय होईल ते सांगते, आणि झाल्यावर पळून जात नाही."

तिने खोलीतला दिवा मालवला आणि त्याला हनुवटी कुठे टेकवायची ते दाखवलं. उजेडाची बारीक फट त्याच्या डोळ्यावरून डावीकडून उजवीकडे नेली, मग परत. मोतीबिंदू गूळ जळल्यासारखा काळपट, बाहुली आक्रसलेली, आणि त्याने नजर हलवली की भिंग किंचित मागाहून हलत होतं. धागे बऱ्याच ठिकाणी सुटले असणार. इतका वाईट डोळा तिने वर्षभरात पाहिला नव्हता. तिला भीती वाटली, आणि ती तशीच राहू देऊन तिने स्टूल आणखी पुढे ओढलं.

"वर बघा," ती म्हणाली. "घाई नाही."